मुखत्यार कुणाचा?



या व्यासपीठावर येण्याची माझी योग्यता नाही, असे म्हणण्याची एक रीत आहे. माझ्या बाबतीत ती रीत नसून वस्तुस्थिती आहे. मी नववीतून शाळा सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते परळच्या रात्रशाळेत, वाचनालयाच्या बाकावर आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा कचेरीतल्या संभाषणाच्या यंत्रात कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट येऊ लागले आहेत, या विषयावर बोलायला चिटणीसांनी मला बोलावले, त्या वेळी मी त्यांना म्हणालो की तुमचा पत्ता चुकला आहे, एखादा इंजिनियर बोलवा. ते म्हणाले, इंजिनियर गेल्या वर्षी झाला. त्याने यंत्र कसे चालते ते सांगितले. यंत्र आल्यावर माणसे कशी चालतात ते तुम्ही सांगा. हे मला पटले, म्हणून आलो.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत विणकर होते. यंत्र आणि माणूस यांच्या नात्याविषयी मी पहिले जे ऐकले ते त्यांच्या तोंडून. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला. एका विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत हा जो मालकांचा आग्रह होता, तो त्या संपाचे एक मोठे कारण होता. ही गोष्ट वडिलांनी आजोबांकडून ऐकलेली. पण सांगताना ते एक वाक्य नेहमी जोडीत. ते म्हणत, "माग वाईट नव्हता रे, तिसरा माग कुणी न विचारता आणून ठेवला ते वाईट." १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्यानंतर आमच्या घरात काय झाले ते इथे सांगत बसत नाही. गिरणगावातल्या हजारो घरांत जे झाले तेच. मी चहाच्या किटल्या पोहोचवल्या, मग ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत टपाल खात्यात शिपाई म्हणून लागलो, आणि तिथून युनियनच्या कामात ओढला गेलो. गेली काही वर्षे मी कचेऱ्यांत, कॉल सेंटरांत आणि कंत्राटी संगणक-कामांत असलेल्या मुलामुलींची संघटना बांधण्याचे काम करतो आहे. या मुलांच्या हाताला तेल लागत नाही. बाकी पुष्कळसे तेच आहे.

आता समोर काही वडीलधारी मंडळी दिसतात, त्यांच्यासाठी आधी ही संभाषणाची यंत्रे म्हणजे काय ते सांगतो. गावात चावडी असते, तशी ही कचेरीची चावडी. फरक इतकाच की ती संगणकाच्या पडद्यावर असते आणि तिला खोल्या असतात. हिशेब विभागाची एक खोली, गिऱ्हाइकांच्या तक्रारींची एक, वाढदिवसांची एक. ज्याला त्या खोलीत प्रवेश आहे त्याने तिथे लिहावे, इतरांनी वाचावे व उत्तर द्यावे. कल्पना नवी नाही. १९८८ साली फिनलंडमधल्या यार्को ओइकारिनेन नावाच्या तरुणाने संगणकावरून अनेकांनी एकाच वेळी बोलण्याची अशी व्यवस्था केली होती. पण कचेऱ्यांत तिचा खरा शिरकाव झाला तो स्लॅक या साधनाने. गंमत अशी की एक कंपनी संगणकावरचा खेळ बनवीत होती. खेळ चालला नाही, पण तो बनवताना आपसात बोलण्यासाठी जे साधन त्यांनी तयार केले होते तेच पुढे २०१३-१४ साली बाजारात आले. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने टीम्स आणले. मग २०२० ची टाळेबंदी आली, कचेऱ्या घरी गेल्या, आणि चावडी हीच कचेरी होऊन बसली.

स्लॅक या इंग्रजी शब्दाचा अर्थ ढिलाई. पण त्या नावाची अक्षरे फोडून तिच्या निर्मात्यांनीच जो विस्तार सांगितला त्याचा आशय असा आहे: सर्व संभाषणाची आणि ज्ञानाची, हवे ते शोधून काढता येईल अशी नोंद. हे मी जेव्हा प्रथम वाचले तेव्हा वाचनालयात एकटाच हसलो. आमच्या पोरांना वाटत होते की आपण गप्पा मारतो आहोत. गप्पा नव्हेत बाबांनो, ते रजिस्टर आहे! चावडीवर बोललेला शब्द वाऱ्यावर जातो. इथला शब्द वहीत जातो. मात्र इतकी वर्षे एक संरक्षण होते: ती वही वाचायला कुणाला सवड नव्हती. दिवसाला हजार ओळी, कोणता साहेब वाचणार? कामगाराचे पुष्कळसे स्वातंत्र्य हे कायद्याने दिलेले नसते, साहेबाच्या आळसाने दिलेले असते.

ते संरक्षण आता संपले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले, आणि त्यानंतर थोड्याच काळात ही बोलकी यंत्रे कचेरीच्या चावडीवर आणून बसवण्याची चढाओढ लागली. प्रथम ती नुसती उत्तरे देत. रजेचा नियम काय, कालच्या बैठकीत काय ठरले, असे विचारावे आणि त्यांनी सांगावे. आता जे येत आहेत त्यांना एजंट म्हणतात. उत्तर देणारे यंत्र आणि एजंट यांतला भेद असा की एजंट कामही करतो. तुम्ही खोलीत त्याचे नाव घेऊन सांगता, "या गिऱ्हाइकाचे पैसे परत कर." तो तुमचे वाक्य वाचतो, त्यासाठी कोणती साधने लागतील ते ठरवतो, हिशेबाची यंत्रणा उघडतो, नोंद करतो, काय झाले ते पुन्हा वाचतो, अडले तर दुसरी वाट धरतो आणि शेवटी येऊन सांगतो, "झाले." यासाठी त्याला किल्ल्या द्याव्या लागतात, या कपाटाची, त्या कपाटाची. आजच्या माझ्या भाषणाचा सगळा विषय त्या किल्ल्यांचा आहे.

एजंट हा शब्द आपल्याला परका नाही. आर.टी.ओ.च्या दाराशी उभा असतो तो एजंट. विम्याचा एजंट, जागेचा एजंट. या सगळ्यांविषयी मराठी माणसाच्या मनात एक शंका कायम असते: हा काम माझे करतो आहे, पण माणूस कुणाचा आहे? जागेचा एजंट दोन्हीकडून दलाली घेतो हे आपण जाणतो. आपल्या भाषेत याहून चांगला, जुना शब्द आहे, तो म्हणजे मुखत्यार. कुळमुखत्यारपत्र आपण कुणाला देतो? दहा वेळा विचार करून देतो. कोणत्या गोष्टी करण्याचा अधिकार दिला ते स्टॅम्पपेपरवर लिहितो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात एजंटाची व्याख्याच अशी आहे की जो दुसऱ्यासाठी कृती करतो किंवा तिसऱ्याशी व्यवहार करताना दुसऱ्याचे प्रतिनिधित्व करतो तो. म्हणजे त्याच्या मागे कुणीतरी आहे, आणि त्याने अधिकारात राहून केलेले त्या मागच्याच्या अंगावर येते. दीडशे वर्षांपूर्वीचा हा कायदा. परंतु कचेरीत नवा एजंट येऊन बसतो तेव्हा पहिला प्रश्न तोच विचारायला हवा. मुखत्यार कुणाचा? ज्याने त्याला काम सांगितले त्या मुलीचा, तिच्या साहेबाचा, की सातासमुद्रापलीकडे ज्यांनी तो बनवला त्यांचा?

मी यंत्राच्या विरुद्ध बोलायला आलो आहे असे समजू नका. याच एजंटाच्या जोरावर, सांगलीहून आलेली आणि मराठी माध्यमात शिकलेली एक मुलगी इंग्रजीत अशी पत्रे लिहू लागली की कॉन्व्हेंटची मुले गप्प झाली; हे मी पाहिले आहे. रात्रपाळीच्या पोराला पूर्वी दिवसपाळीचा माणूस काय सांगून गेला तेच कळत नसे. निम्मी रात्र शोधण्यात जाई आणि सकाळी शिवी खावी लागे. आता तो विचारतो आणि दोन मिनिटांत सगळा हवाला मिळतो. रजेचा नियम विचारायला एच.आर.च्या दाराशी लाचार होऊन उभे राहावे लागत नाही. हे लहानसहान लाभ नव्हेत. ज्यांनी कधी लाचारी केलेली नाही त्यांनी त्यांना क्षुल्लक म्हणावे; मी म्हणणार नाही. माझी स्वतःची इंग्रजी पत्रे आज त्याच्याकडून तपासून घेतो, हेही कबूल करतो.

पण आता एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायची म्हणूनच मी या भाषणाला होकार दिला. ती दुसऱ्या कुणा कंपनीची नाही, आमच्याच संघटनेची आहे.

आमचे सभासद पाच-सहा कचेऱ्यांत पसरलेले, पाळ्या वेगवेगळ्या. सभेला एकत्र येणे अशक्य. म्हणून आम्हीही याच जातीचे एक साधन घेतले. एक खोली सर्वांची, तिच्यात तीनशेच्या आसपास माणसे. एक खोली कार्यकारिणीची. आणि तक्रारींचे अर्ज एका वेगळ्या कपाटात, अर्थात पडद्यावरच्याच. गेल्या वर्षी आमच्यातला एक कार्यकर्ता, दिवसा प्रोग्रामिंग करणारा, अतिशय गुणी पोरगा, म्हणाला, "काका, आपण एजंट बसवू. लोक तेच तेच प्रश्न विचारतात, तुमचा वेळ जातो. तो उत्तरे देईल." मी म्हणालो, बसव. त्याने विचारले, "त्याला जुने अर्ज वाचायला देऊ का? म्हणजे उत्तरे चांगली देईल." मी कुठल्याशा गेटसभेच्या घाईत होतो. मी म्हणालो, "दे, करून टाक."

हे तीन शब्द माझे आहेत. ते त्या पोराच्या नावावर मी कधी जाऊ दिलेले नाहीत.

महिनाभर उत्तम चालले. लोक खूश, मी खूश. मग एके संध्याकाळी सर्वांच्या खोलीत एका सभासदाने विचारले, जादा कामाच्या तासांबद्दल तक्रार कशी लिहावी, एखादा नमुना मिळेल का? एजंटाने लगेच नमुना दिला. फार सुबक होता. कपाटातल्या एका खऱ्या अर्जावरून त्याने तो बेतला होता. नाव त्याने काढून टाकले होते, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण विभाग ठेवला होता, पाळी ठेवली होती, तारीख ठेवली होती, आणि "हजेरी यंत्रावर बाहेर गेल्याची नोंद करायला लावून मग दोन तास बसवून घेतले" हा प्रकारही जसाच्या तसा. त्या विभागात त्या पाळीला चारच माणसे होती, आणि त्यांत मुलगी एकच. तीनशेपैकी कुणीतरी ते पाहिले आणि सुपरवायझरला दाखवले. कोणी, ते आजतागायत कळलेले नाही. मी कुणावर संशय घेत नाही. तीनशेत एक निघतोच.

दहा दिवसांत त्या मुलीची पाळी बदलली. रात्री साडेअकराला सुटणारी पाळी, दुसऱ्या इमारतीत. घरी आई अंथरुणाला खिळलेली, संध्याकाळी पाहायला दुसरे कोणी नाही. हे कंपनीला ठाऊक होते. तिने तीन आठवडे ओढले आणि राजीनामा दिला. राजीनाम्यावर "स्वखुशीने" हा शब्द असतोच, छापलेलाच असतो.

ती मला भेटायला आली तेव्हा ओरडली नाही. तिने एवढेच विचारले, "काका, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, हे कुणाला कळता कामा नये?" मी म्हणालो, हो. "मग त्याला कुणी सांगितलं?" आता याचे उत्तर काय द्यायचे? कुणीच सांगितले नाही, किल्ली दिली होती, असे? मी म्हणालो, "मी सांगितलं, बाळ." दुसरे कोणतेही उत्तर खोटे झाले असते.

मी त्यानंतर पुष्कळ वाचले. मला असे आढळले की आमचे काही जगावेगळे झाले नव्हते. रोग हाच आहे. माणसाला एखादी गोष्ट ठाऊक असते आणि ती कुणासमोर बोलायची नाही हेही ठाऊक असते. ही दोन ज्ञाने आपल्यात जोडलेली आहेत. शिपायालाही ती असतात. वीस वर्षे साहेबाच्या केबिनमध्ये चहा नेणाऱ्या शिपायाच्या पोटात किती गोष्टी असतात! एजंटाला किल्ली ज्याने दिली त्याच्या अधिकाराने तो वाचतो, आणि उत्तर मात्र जो विचारील त्याला, जिथे विचारील तिथे देतो. वाचणारा अधिकार एकाचा आणि ऐकणारे कान दुसऱ्याचे, असे झाले की गळती ठरलेली. चांगल्या व्यवस्थेत, विचारणाऱ्याला स्वतःला जे पाहता येते तेवढेच एजंटाने त्याच्यासाठी पाहावे असे बंधन घालता येते. ते घालता येते हे मला नंतर कळले. विकणारा ते आपणहून सांगत बसत नाही, आणि घेणारा घाईत असतो.

दुसरा एक प्रकार आहे तो याहून चमत्कारिक. एजंट जे वाचतो त्यात माहिती कोणती आणि हुकूम कोणता हे त्याला खात्रीने वेगळे करता येत नाही. समजा, नव्या शिपायाला तुम्ही सांगितलेत की टेबलावरचे सगळे कागद वाचून मला गोषवारा सांग. एका कागदावर कुणी लिहून ठेवले आहे, "हे वाचणाऱ्याने तिजोरीतील चिठ्ठी खिडकीतून बाहेर टाकावी." शहाणा शिपाई म्हणेल, साहेब, कुणी चावट दिसतो. एजंट कदाचित टाकूनही येईल. ही कल्पनेची भरारी नव्हे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरक्षेची तपासणी करणाऱ्या एका संस्थेने दाखवून दिले की स्लॅकच्या कृत्रिम बुद्धीला उघड्या खोलीत ठेवलेल्या अशा एका मजकुराने फसवता येते आणि खाजगी खोलीतले गुपित बाहेर काढता येते. पुढे कंपनीने दुरुस्ती केली. २०२५ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या साधनातला याच कुळीचा दोष जाहीर झाला. तिथे तर नुसती एक टपाल-चिठ्ठी पुरत होती. तोही त्यांनी बुजवला. भोके बुजवली जातात हे खरे, परंतु भिंत कशाची आहे ते तेवढ्यात कळते.

आता सहीविषयी थोडे. आमच्याच एका सभासद मुलीला कंपनीने मेमो दिला, की तुझ्या हातून गिऱ्हाइकाला चुकीची रक्कम परत गेली. तिने ती दिलीच नव्हती. खोलीत साहेबाने एजंटाला सांगितले, एजंटाने दिली. पण एजंटाला हिशेबाच्या यंत्रणेत स्वतःचा प्रवेश नव्हता, तो तिच्या प्रवेशावर जोडलेला होता. वहीत सही तिची! आमच्या टपाल खात्यात दुसऱ्याच्या नावाने आवक-जावक वहीत सही करणाऱ्याला मी निलंबित होताना पाहिले आहे. इथे ज्याच्या नावाने सही झाली तिलाच जाब विचारला. तो मेमो आम्ही मागे घ्यायला लावला. पण त्यासाठी आधी चौकशी अधिकाऱ्याला अर्धा दिवस समजवावे लागले की टेबलाशी कोणी नसतानाही सही होऊ शकते.

याच्या उलट बाजूही पाहा. कॅनडामधल्या एअर कॅनडा या विमान कंपनीच्या बोलक्या यंत्राने एका प्रवाशाला सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. प्रवासी न्यायासनापुढे गेला तेव्हा कंपनीच्या बाजूने असा मुद्दा आला की ते यंत्र म्हणजे वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे व आपल्या कृत्यांना तेच जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायासनाने हे फेटाळले आणि कंपनीला सुमारे ८१२ डॉलर भरायला लावले. रक्कम क्षुल्लक, पण युक्तिवाद पाहा. गिऱ्हाईक विचारायला आले की यंत्र स्वतंत्र. आणि कचेरीत आतल्या आत चूक झाली की यंत्र कारकुनाचे. मधल्या मध्ये मालक कुठे गेला? मुखत्यारपत्र ज्याच्या नावाने आहे तो एकदा ठरवा, आणि मग नफा-तोटा दोन्ही त्याच्या खाती घाला. माझी मागणी एवढीच साधी आहे की एजंटाला त्याचे स्वतःचे नाव द्यावे, त्याची स्वतःची किल्ली, आणि वहीत त्याच्या नावासमोर, कुणाच्या सांगण्यावरून केले ते लिहावे.

साहेबाने रोज सकाळी एजंटाकडून गोषवारा मागणे हे प्रकरण मोठे आहे, पण त्यावर मी फार बोलत नाही, कारण गिरणीत जॉबर पाहिलेल्यांना ते सांगायला नको. कोण किती वाजता उत्तर देतो, कोण खोलीत चिडून बोलला, कोणत्या दोघांचे आपसात फार चालते, हे सारे विचारता येते. एक फरक मात्र सांगतो. जॉबर खात्यात शिरला की माणसे गप्प होत. ती एक चांगली सोय होती. याची पावले वाजत नाहीत.

१९६६ साली अमेरिकेत योसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकाने एलायझा नावाचे पहिले बोलके यंत्र प्रसिद्ध केले. नुसते आपलेच शब्द उलटून विचारणारे, अगदी साधे. त्याच्या कचेरीतली सेक्रेटरी, जिने ते घडताना पाहिले होते, ती त्याच्याशी बोलू लागली आणि थोड्याच वेळात प्राध्यापकांना म्हणाली की तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? विद्वान लोक ही गोष्ट माणूस यंत्राला कसा भुलतो याचे उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात दुसरेच दिसते. त्या बाईला एक खोली हवी होती जिथे साहेब नाही. त्या काळी साहेब उठून गेला की ती खोली मिळत असे.

मग करायचे काय? आमच्या चळवळीला यंत्राशी बोलण्याची जुनी सवय आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळ संगणक आणू लागले तेव्हा कलकत्त्यात कर्मचाऱ्यांनी दीर्घ आंदोलन केले. त्या वादळातून सरकारला स्वयंचलनावर समिती नेमावी लागली. तिचे अध्यक्ष पुण्याचे वि. म. दांडेकर, आणि तिचा अहवाल आला १९७२ साली. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बँकांशी यंत्रीकरणाचा करार केला: कोणती यंत्रे, कुठे, कोणत्या कामासाठी, ते कागदावर आले. त्या वेळी काहींनी त्यांना यंत्राचे शत्रू म्हटले आणि काहींनी मालकाचे मित्र. दोन्ही बाजूंनी शिव्या बसल्या म्हणजे करार बहुधा बरा असतो.

आज कायद्याची स्थिती अशी आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तरतूद होती की कामगारकपात होण्याचा संभव असलेला यंत्रात किंवा पद्धतीत बदल करायचा तर मालकाने एकवीस दिवसांची नोटीस द्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही ती नोटीस आहे. पण दोन अडचणी आहेत. एक, मालक म्हणतो की कपात कुठे होते आहे, आम्ही तर मदतनीस आणला! आणि दुसरी, संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येतून व्यवस्थापकीय माणसे वगळली आहेत, आणि महिना अठरा हजार रुपयांहून अधिक पगाराचे पर्यवेक्षकही. मग कचेरीतल्या चोवीस वर्षांच्या पोरीला "टीम लीड" अशी पाटी लावली की ती कामगार आहे की नाही यावरच पाच वर्षे खटला. म्हणून मी मुलांना सांगतो, कायद्याच्या नोटिशीची वाट पाहू नका. आपल्याकडून प्रश्न लिहून पाठवा. कोणत्या खोल्यांत बसणार? कोणती कपाटे उघडणार? वही किती दिवस ठेवणार, आणि ती पगारवाढीच्या वेळी काढणार का? चुकले तर मेमो कुणाला? याची उत्तरे लेखी मागा. एका कंपनीत फक्त हे प्रश्न पाठवल्यावर एजंट दोन खोल्यांतून निघून गेला. कुणी भांडले नाही. उत्तर लिहिण्यापेक्षा त्यांना तेच सोपे वाटले.

आणि रविवार. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. एजंटाला रविवार नाही. तो रविवारी दुपारी तीनला काम पुरे करतो आणि खोलीत लिहितो, "माझे झाले, आता तुम्ही तपासून मंजुरी द्या." हाक मारणारा यंत्र असल्यामुळे कुणाला राग धरायचा तेही कळत नाही, आणि मुलगी जेवता जेवता फोन उचलते. फ्रान्समध्ये कामानंतर संपर्कातून मुक्त राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसे खाजगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. आम्ही करारात एक ओळ मागतो आहोत की सुट्टीच्या दिवशी एजंटाने माणसाला हाक मारू नये, सोमवारी सकाळी मारावी. त्याला थांबायला काही त्रास होत नाही. तो कंटाळत नाही, हा त्याचा गुणच सांगतात ना?

आमच्या संघटनेत आता काय आहे ते सांगून थांबतो. एजंट आम्ही काढून टाकला नाही. यावर कार्यकारिणीत दोन रात्री भांडण झाले. मी काढण्याच्या बाजूने होतो आणि हरलो. सर्वांच्या खोलीत तो आहे, रजा, भविष्यनिर्वाह निधी, पत्रांचे भाषांतर एवढ्यासाठी. त्याला आम्ही निवडून दिलेले कागद आहेत, त्यांची यादी दाराशी लावलेली आहे, आणि कोणत्याही सभासदाला ती वाचता येते. तक्रारी आता पडद्यावर घेत नाही. एक जाड वही आहे, लोखंडी कपाटात. किल्ली दोघींकडे असते, माझ्याकडे नाही, तेही मीच सुचवले. ज्याने एजंट बसवला होता तो पोरगा संघटना सोडायला निघाला होता. त्याला आम्ही सोडले नाही. हल्ली तो इतर युनियनना किल्ल्या कशा वाटायच्या ते शिकवायला जातो.

ती मुलगी कामावर परत गेलेली नाही. राजीनामा दडपणाखाली दिला या मुद्द्यावर आम्ही तिचा अर्ज केला आहे. पुरावा कच्चा आहे, हे तिलाही सांगितले आहे, कारण तो नमुना कंपनीत कुणी नेला ते सिद्ध होत नाही. मुद्द्यात मी माझी साक्ष लावली आहे. संघटनेची चूक काय झाली ते शपथेवर सांगणार आहे. वकील म्हणतात, याने संघटनेची अब्रू जाईल. समेट अधिकाऱ्यापुढे पुढली तारीख जूनमध्ये आहे. तोपर्यंत तिला दुसरीकडे काम मिळावे म्हणून खटपट चालू आहे. कुणाच्या पाहण्यात दिवसपाळीची जागा असेल तर भाषणानंतर मला भेटा, मी दाराशी उभा आहे.